यंदाचे क्षमापत्र मुलांच्या हातून



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा पर्युषण जेमतेम तीन आठवड्यांवर आलेले असेल. व्यापारी घरांतून या सुमारास एक ठरलेले काम निघते. छापखान्यातून क्षमापनेच्या पत्राचा नमुना येतो. मजकूर गतवर्षीचा, वरचे कमळही गतवर्षीचे, खाली पेढीचे नाव आणि घरातील कर्त्या पुरुषांची नावे वयाच्या क्रमाने. कोणी कालवश झाले असेल तर ते नाव गाळायचे, नवी सून आली असेल तर ‘परिवार’ या शब्दात ती आलीच असे समजायचे, आणि चारशे प्रतींची मागणी नोंदवायची. अलीकडे तर तेवढेही कष्ट उरलेले नाहीत. मोबाइलवर कोणाकडून तरी एक चित्र येते, तेच चित्र आपण शंभर जणांकडे रवाना करतो, आणि कधी कधी ज्याने पाठवले त्याच्याकडेच ते आपल्या नावाने परत जाते.

आमच्या घरीही वर्षानुवर्षे असेच चालले होते. गेल्या वर्षी मात्र हे काम आम्ही मुलांच्या हाती दिले. त्याची हकीकत आज सांगायची आहे. तिच्यात आमच्या घरातील एक दुखरी गोष्ट येते. ती दोन्ही घरांच्या संमतीने लिहीत आहे.

आमची पेढी भुसार मालाची. सासऱ्यांच्या हयातीत पेठेत तिचा एकच मोठा गाळा होता. पुढे माझे यजमान आणि धाकटे भाऊजी यांची वाटणी झाली आणि गाळ्याच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. गेल्या वर्षी त्या भिंतीला दहा वर्षे पूर्ण झाली. वाटण्या सर्वच घरांत होतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु आमच्या वाटणीच्या दिवशी जे शब्द उच्चारले गेले, ते पुढे कोणी मागे घेतले नाहीत. लग्नकार्यात दोन्ही घरे एकाच मांडवात बसली, संवत्सरीच्या प्रतिक्रमणाला एकाच सभागृहात बसली, पण दोघा भावांचे बोलणे थांबले ते थांबलेच.

आणि तरीही दर संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानातला मुलगा छापील क्षमापत्रांचा गठ्ठा घेऊन निघे आणि पहिले पत्र शेजारच्या गाळ्यात देई. तासाभरात तिकडचे पत्र आमच्याकडे येई. दोन्ही पत्रांवरचा मजकूर सारखाच, कारण छापखाना एकच. मन, वचन, कायेने कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास क्षमा असावी. मधले अंतर नऊ पावलांचे. अशी दहा वर्षांत वीस पत्रे त्या नऊ पावलांवरून गेली-आली, आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या फाइलीत लागली.

गेल्या श्रावणात एका पावसाळी रविवारी नऊ वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात माझ्याभोवती घोटाळत होती. शाळेतून हाताने शुभेच्छापत्र करून आणण्यास सांगितले होते. दिवाळीला अवकाश होता, तेव्हा कोणत्या सणाचे पत्र करावे हा प्रश्न पडला. मी म्हटले, “आपल्याकडे एक फार जुने पत्र आहे, ते करू या,” आणि त्यांना विज्ञप्तिपत्रांची गोष्ट सांगितली. ती आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, तरी मुलांना सांगता यावी म्हणून इथे थोडी विस्ताराने मांडते.

चातुर्मासात साधु-साध्वी एका ठिकाणी स्थिर राहतात. पूर्वीच्या काळी आचार्य महाराज दूरच्या गावी विराजमान असले म्हणजे संवत्सरी झाल्यावर त्यांच्यासमोर जाऊन क्षमा मागणे संघाला शक्य होत नसे. मग संघ पत्र पाठवी. वर्षभरातील आपल्या अपराधांची क्षमा मागावी, गावातील धर्मकार्याचे वर्तमान कळवावे आणि पुढील चातुर्मास आमच्या गावी करावा अशी विनंती करावी, हा त्याचा हेतू. हेच विज्ञप्तिपत्र. श्वेतांबर संघांत ही प्रथा विशेष बहरली. कागदाचे तुकडे एकास एक जोडून त्याची लांबच लांब गुंडाळी करीत. राजस्थानातील काही गुंडाळ्या तर पन्नास फुटांहून अधिक लांब आहेत. आरंभी अष्टमंगल, त्रिशलामातेची चौदा स्वप्ने, आणि त्यानंतर जे येई ते पाहून आपणा व्यापारी मंडळींना नवल वाटेल. त्यानंतर येई गावचा बाजार. मंदिरे, उपाश्रय, रस्ते, ओळीने मांडलेली दुकाने, त्यांत बसलेले दुकानदार, येणारी-जाणारी माणसे. हे सारे रंगवून झाल्यावर मग मजकूर आणि शेवटी संघातील प्रमुख श्रावकांच्या सह्या.

यांपैकी सर्वांत प्रसिद्ध पत्र 1610 सालचे, आग्र्याच्या संघाने आचार्य विजयसेनसूरींना पाठविलेले. ते रंगविले उस्ताद शालिवाहन या बादशाही चित्रकाराने. पर्युषणाच्या दिवसांत पशुवध बंद ठेवण्याचे फर्मान जहांगीर बादशहाने दिले, त्या प्रसंगाची चित्रे या पत्रात आहेत. शालिवाहनाने प्रत्यक्ष जसे पाहिले तसेच चितारले, असा निर्वाळा पत्रातच दिलेला आहे. अशा अनेक पत्रांचा अभ्यास करून पंडित हीरानंद शास्त्री यांनी 1942 साली बडोद्याहून ‘एन्शंट विज्ञप्तिपत्राज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

या गोष्टीला एक जोड द्यावीशी वाटते. नाताळाच्या छापील शुभेच्छापत्राचा जन्म 1843 साली लंडनमध्ये झाला. हेन्री कोल नावाचे एक अत्यंत कार्यमग्न गृहस्थ होते. नाताळात येणाऱ्या पत्रांना स्वतंत्र उत्तरे लिहिण्यास त्यांना सवड नव्हती. म्हणून त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. वर नाव घालायचे, खाली सही करायची, काम संपले. उरलेल्या प्रती एक शिलिंगला एक याप्रमाणे विकल्या. म्हणजे नाताळाचे छापील शुभेच्छापत्र वेळ वाचवण्यासाठी जन्मले, आणि आपल्या पूर्वजांचे क्षमापत्र वेळ देण्यासाठी. पन्नास फूट कागद रंगवायला किती दिवस लागत असतील, याचा हिशेब प्रत्येक व्यापाऱ्याने मनाशी करून पाहावा. शुभेच्छा छापून पाठविल्या तर फारसे बिघडत नाही. क्षमा छापून मागता येते का, हा मला प्रश्न आहे. ती सर्वांकडे एकाच शब्दांत मागितली म्हणजे नेमकी कोणाकडेच मागितली जात नाही.

मुलांना बाजाराची कल्पना फार आवडली. नातवाने आपली पेठच काढायची ठरविले. तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान, कापडाचे दुकान, पाठीवर पोते घेतलेला हमाल, वजनकाट्याखाली झोपलेले कुत्रे, आणि आमचा गाळा. दारावरचे ‘शुभ’ आणि ‘लाभ’ सुद्धा त्याने विसरले नाही. पण आमच्या गाळ्याशेजारी त्याने हातभर जागा कोरीच ठेवली. मी विचारले, “इथे काय?”

“तिथे धाकट्या आजोबांचे दुकान आहे. पण ते आतून कसे आहे ते मी पाहिलेच नाही. शालिवाहनाने पाहून काढले होते ना? मग मीही पाहूनच काढणार.”

मी निरुत्तर झाले. तो मुलगा जन्मला तेव्हा भिंत आधीच उभी होती. आणि त्या ओट्यावर पाऊल टाकायचे नाही ही शिस्त मुलांना लावणारी मीच होते. कोणी मला तसे सांगितले नव्हते. पुरुषांचे भांडण पुरुषांपाशी राहिले असते, ते मुलांपर्यंत पोहोचविण्याचे काम माझ्या हातून झाले. नातवाला मी “जा” म्हटले, तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटला.

तो पाटी, कागद आणि पेन्सिल घेऊन गेला आणि पाऊण तासाने परतला. भाऊजींनी त्याला गादीवर बसवून घेतले होते. काय काढतोस म्हणून विचारले नव्हते, मात्र उजेड नीट यावा म्हणून दिवा लावून दिला होता. येताच तो मला म्हणाला, “आजी, पणजोबा तिकडेही आहेत. तोच फोटो, तोच चंदनाचा हार. फक्त तिकडचे घड्याळ चालू आहे, आपले बंद आहे.”

चित्र झाले, आता मजकूर. त्यासाठी आम्ही एकच नियम केला होता. एका पत्रात एकाच माणसाचे नाव आणि एकच चूक. ‘कळत-नकळत’ हा शब्द लिहायचा नाही. जे कळले आहे तेवढेच लिहायचे. नातीने वर्गातल्या मैत्रिणीला लिहिले, “मी तुझे खोडरबर घेतले आणि सापडले असे खोटेच सांगितले. मिच्छामि दुक्कडम्.” आणि ते खोडरबर तिने पाकिटात घातले. नातवाने एका मित्राला लिहिले की, सगळे तुला ज्या नावाने चिडवतात ते नाव मी ठेवले होते. ही गोष्ट आम्हा मोठ्यांना त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती.

मग तो पेठेचे चित्र घेऊन आजोबांकडे गेला. हे पत्र धाकट्या आजोबांना द्यायचे आहे, मी त्यांचे काही वाईट केलेले नाही, तेव्हा मजकूर तुम्ही लिहा, असे त्याने सांगितले. आजोबा म्हणाले, “काय लिहू?” तो म्हणाला, “तुम्ही काय केले होते?”

ते पत्र तीन दिवस डेस्कवरच्या काचेखाली पडून राहिले. त्या तीन दिवसांत माझे यजमान फारसे बोलले नाहीत. अकरा प्रकारचे हिशेब एका दमात सांगणाऱ्या माणसाला दोन ओळी लिहिण्यास तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी त्यांनी लिहिले, “वाटणीच्या दिवशी चार माणसांसमोर मी तुला चोर म्हणालो. ते खरे नव्हते, आणि म्हणतानाही ते खरे नाही हे मला ठाऊक होते.” खाली सही.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सवयीने दुकानातल्या मुलाला हाक मारली. मी म्हटले, “चित्र नातवाचे आहे, शब्द तुमचे आहेत. तुम्हीच घेऊन जा.” मग नातवाला सोबत न्यावे असे त्यांच्या मनात आले. त्यालाही मी नको म्हटले. मोठ्यांनी जे मोडले ते सांधण्यासाठी लहानांना पुढे करणे मला उचित वाटत नाही. मुलांच्या हाती रंग द्यावेत, आपले ओझे देऊ नये.

पुढे काय झाले ते जसे घडले तसेच सांगते. दोघे भाऊ गळ्यात पडले नाहीत. भाऊजींनी पत्र वाचले, चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “दादा, बसा.” हे बसले. दहा मिनिटे कोणी काही बोलले नाही. मग तुरीच्या भावाचा विषय निघाला. दिवाळीत वहीपूजनाला भाऊजी आमच्या गाळ्यात आले आणि निघताना बंद पडलेले घड्याळ उतरवून दुरुस्तीला घेऊन गेले. भिंत आजही उभी आहे आणि ती पाडण्याचे कोणाच्या मनात नाही. दोन दुकाने दोनच राहतील. पण मुले आता दोन्ही ओट्यांवर खेळतात.

आपल्या शास्त्रकारांनी क्रोधाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि मुलांना त्या चित्रांतून सहज समजतात. पाण्यावर काढलेली रेघ काढताक्षणीच मिटते. वाळूतली रेघ वारा आला की बुजते. उन्हाळ्यात जमिनीला पडलेली भेग पाऊस आला की सांधते. डोंगराला गेलेला तडा मात्र सांधत नाही. पहिला राग पंधरवड्यात विरतो, दुसरा चार महिन्यांत, तिसरा वर्षात, आणि जो वर्ष ओलांडून जन्मभर राहतो तो अनंतानुबंधी, सर्वांत घातक. पक्खी, चौमासी आणि संवत्सरी ही प्रतिक्रमणे याच मुदतींची आठवण देतात. उधारीचे खाते वर्षाअखेर मिटवावे, पुढे ओढू नये, हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आम्ही मात्र एक खाते दहा वर्षे पुढे ओढले आणि दर वर्षी त्यावर छापील पावती लावत राहिलो.

आता प्रत्यक्ष पत्रे कशी करावीत ते सांगते. सर्व सामान घरातलेच आहे.

काम पर्युषण लागण्यापूर्वी उरकावे. त्या आठ दिवसांत घरात पसारा आणि आरंभ-समारंभ शक्य तितका कमी असावा. आमच्या दिगंबर बंधु-भगिनींचे दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत आणि क्षमावाणी त्यानंतर वद्य प्रतिपदेच्या सुमारास, त्यामुळे त्यांना थोडे अधिक दिवस मिळतात. त्यांनी पत्रावर ‘उत्तम क्षमा’ लिहावे. दहा धर्मांतला पहिला धर्म तोच.

कागदासाठी दुकानात जाण्याची गरज नाही. हिशेब संगणकावर गेल्यापासून लाल कापडी बांधणीची वही आपण बहुधा पूजेपुरतीच आणतो. पहिल्या पानावर स्वस्तिक आणि ‘श्री’ लिहिले की उरलेली वही कोरी राहते. पूजेचे पान जपून ठेवावे आणि मागची कोरी पाने मुलांना द्यावीत. ती लांबट असतात, त्यामुळे तीन-चार पाने जोडली की छोटी गुंडाळी तयार होते. साध्या घडीच्या पत्रासाठी जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू उत्तम. जाड कागद दुमडताना तडकतो, म्हणून आधी पट्टी धरून शाई संपलेल्या पेनाने रेघ दाबून घ्यावी आणि मग घडी घालावी. बिल छापण्याच्या यंत्रातील गुळगुळीत कागद मात्र घेऊ नये. त्यावरची छपाई काही महिन्यांत पुसट होते आणि रंगही नीट बसत नाही.

चिकटविण्यासाठी पिठाची खळ करण्याचा मोह होतो. पावसाळ्यात तिला लगेच बुरशी येते आणि कीटक लागतात. ज्या पत्रातून जीवमात्रांची क्षमा मागायची तेच जीवांना घातक ठरू नये. खळ करायचीच तर लागेल तेवढीच करावी आणि त्याच दिवशी संपवावी. एरवी झाडाचा डिंक पाण्यात विरघळवून वापरावा. रंगाचा कुंचला प्राण्यांच्या केसांचा नसून नायलॉनचा आहे ना, हे विकत घेताना पाहावे. बांधायला रेशमाऐवजी सुती दोरा घ्यावा. चमकी टाळावी, ती शेवटी गटारात जाते.

रंगांपैकी हळदीची गंमत मुलांना अवश्य दाखवा. हळद पाण्यात कालवून कागदावर पिवळा हात द्यावा आणि वाळू द्यावा. मग चमचाभर खायचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवून, काडीला कापूस गुंडाळून, त्याने त्या पिवळ्यावर चित्र काढावे. रेघा डोळ्यांदेखत लालसर उमटतात. सोड्यासारख्या क्षारामुळे हळदीचा रंग पालटतो; पारंपरिक कुंकूही हळदीला चुन्याची जोड देऊन याच गुणामुळे लाल होते. चुना कातडीला आणि डोळ्यांना घातक, म्हणून मुलांच्या हाती सोडाच द्यावा. हळदीचा रंग उन्हात विटतो, म्हणून पत्र सावलीत वाळवावे. तांबूस रंगासाठी गेरू, काळ्यासाठी काजळ. एवढ्या तीन-चार रंगांत सुरेख काम होते.

चार-पाच वर्षांच्या बालकाकडून अंगठ्याचे ठसे उमटवून घ्यावेत, आणि ज्याची चूक झाली असे त्याला वाटते ती त्याने तोंडाने सांगावी, आपण लिहावी. सहा-सात वर्षांची मुले अष्टमंगल काढू शकतात. स्वस्तिक, कलश, दर्पण, मत्स्ययुगल सोपे. नंद्यावर्त अवघड, पण चौकटीच्या कागदावर सराव केला की जमते. तीर्थंकरांची लांछनेही काढता येतील. आदिनाथांचा वृषभ, शांतिनाथांचे हरिण, मुनिसुव्रतस्वामींचे कासव, महावीरस्वामींचा सिंह. नातीने कासवच सात वेळा काढले. भगवंतांची प्रतिमा मात्र पत्रावर काढू नये किंवा चिकटवू नये, कारण पत्र पुढे कोणाच्या हाती जाईल आणि कोठे पडेल, हे आपल्या हातात नसते. नऊ-दहा वर्षांपुढील मुलांना आपली पेठ काढू द्यावी. पाहून काढायला सांगावे. त्या निमित्ताने ती शेजारच्या दुकानांत डोकावतील, आणि ते त्यांच्या फार उपयोगी पडेल.

पत्र टपालाने पाठवायचे असेल तर पाकिटाला वजनाप्रमाणे तिकीट लागते. दुकानातल्या लहान काट्यावर मुलांनाच वजन करू द्यावे. पत्ता त्यांनीच लिहावा, पिन कोडही त्यांनीच शोधावा. तिकीट चिकटविणारे मूल आता घरोघरी दुर्मीळ झाले आहे.

संख्येचा आग्रह धरू नये. चारशे पत्रे हाताने होत नाहीत. व्यापारी संबंधांसाठी छापील पत्रे खुशाल पाठवावीत, तो एक शिष्टाचार आहे आणि शिष्टाचारालाही मोल आहे. पण घरातील प्रत्येक माणसाने निदान एक पत्र हाताने करावे. ज्याला पाठवायचे ते नाव शोधायला वेळ लागत नाही. छापील यादीवरून नजर फिरवताना ज्या नावाशी ती अडखळते, तेच ते नाव. आणि एक पथ्य पाळावे. मुलाने काय लिहावे हे आपण सांगू नये, “तू त्याची क्षमा मागितलीच पाहिजेस” असा हुकूम सोडू नये. हुकुमावरून मागितलेली क्षमा मुलाला एवढेच शिकवते की हे शब्द म्हटले की मोठी माणसे सोडून देतात. आपण शेजारी बसून आपले पत्र लिहावे. मुले ते पाहतात.

त्या रविवारी मीही एक पत्र केले. हळदीवर सोड्याने कलश काढला, तो थोडा वाकडाच आला. ते मी धाकट्या जाऊबाईंना दिले. त्यात लिहिले होते, “मुलांना तुझ्या ओट्यावर जाऊ नका असे सांगणारी मीच. तू त्यांच्यासाठी दोनदा खाऊ पाठवलास, तो मी त्यांना दिला नाही.” हा लेख लिहिण्यापूर्वी तिची परवानगी मागायला गेले. वर्ष होत आले तरी तिने त्या पत्राबद्दल अवाक्षर काढले नव्हते. ती शेंगा सोलत होती. ऐकून घेऊन म्हणाली, “लिहा ताई. पण मी अजून उत्तर दिलेले नाही, तेही लिहा.”

म्हणून तेही लिहिले. क्षमा मागणे आपल्या हातात असते, ती केव्हा मिळावी हे समोरच्याच्या. मी तिच्याजवळ बसून उरलेल्या शेंगा सोलल्या.

जो नियम मुलांना घालून दिला, तो या सदरालाही लागू करते. गतवर्षात आपल्यापैकी पाच भगिनींनी मला पत्रे लिहिली आणि मी त्यांना उत्तर दिले नाही. वेळ नव्हता असे नाही. उद्या लिहू म्हणत राहिले. त्या पाचही पत्रांची उत्तरे या आठवड्यात हाताने लिहून टाकीत आहे. मिच्छामि दुक्कडम्.